चाचणी अजून चालू आहे

सकाळी पावणेसातला बाथरूममधले पाणी गार झाले. मास्तर आत होते. अंगाला साबण लावून झाला होता. त्यांनी हाक मारली नाही.

या प्रकरणात पुढे तांब्याची नळी आली, वाळू आली, सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि गॅसचे निरीक्षकही येऊन गेले. पण त्या सकाळी एक हाक मारली गेली असती तर यातले काहीच घडले नसते. मास्तरांनी उभा जन्म शाळेच्या मैदानावर कवायत शिकवली होती. त्यांच्या आवाजाने फाटकाबाहेरून जाणाऱ्यांचीसुद्धा पावले आपोआप जुळायची. असा माणूस साबणाच्या फेसात गप्प उभा राहिला, कारण घर त्याचे नव्हते, जावयाचे होते.

घरात माणसे चार आणि गीझर तिघांचा. मास्तर येण्याआधी हे कुणाच्या लक्षात यायचे कारण नव्हते. कॉलेजात जाणारी नात सगळ्यांत आधी आत शिरायची आणि केस धुण्याच्या नावाखाली निम्मी टाकी रिकामी करायची. मग तिची आई, मग तिचे वडील. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मास्तरांना एकटे राहायला मनाई केली, लेकीने त्यांना आपल्याकडे आणले आणि मास्तरांनी रांगेत शेवटचा नंबर स्वतःच पकडला. शेवटच्या माणसाच्या वाट्याला जे पाणी येई त्याला गरम म्हणणे ही निव्वळ खुशामत होती.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ जांभळे पडले होते.

"बाबा, पाणी गार होतं?" लेकीने विचारले.

"गारच बरं. माणूस ताठ राहतो," मास्तर म्हणाले आणि ताठ उभे राहूनच तीनदा शिंकले.

लेकीने आत जाऊन बादलीत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. "किती दिवस चाललंय हे?"

"मी काय हजेरी घेतो पाण्याची?"

"उद्यापासून मी पातेल्यात पाणी तापवून देते तुम्हाला."

"माझ्यासाठी कुणी बादल्या वाहायच्या नाहीत." हे वाक्य मास्तरांनी मैदानावरच्या आवाजात म्हटले नाही, हळू म्हटले. म्हणून ते जास्त लागले. "गुडघा बरा आहे आता. पुढच्या रविवारी मी आपल्या घरी जातो."

आपले घर म्हणजे दोन जिने चढून वर, दोन खोल्या आणि आत कुणी नाही. लेक नुसती नवऱ्याकडे बघत राहिली. बायकोने असे बघितले की नवऱ्याने काहीतरी बोलणे भाग असते, आणि भाग पडून बोललेले वाक्य सहसा महागात जाते.

"मास्तर," नवरा म्हणाला, "रविवारच्या आत या घरात न संपणारं गरम पाणी येईल."

हा नवरा घरगुती उपकरणांच्या एका कारखान्यात नोकरीला होता. इस्त्री, पंखा, मिक्सर यांच्या खोक्यातून जी बारीक टाइपातली माहितीपुस्तिका निघते आणि जी कुणी वाचत नाही, ती तो लिहायचा. तिच्यातले इशारे ही त्याची खासियत. 'ओल्या हाताने स्पर्श करू नये', 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये', 'झाकण स्वतः उघडू नये, अधिकृत तंत्रज्ञाशी संपर्क साधावा'. या कामामुळे कारखान्यात त्याचे नाव इशारेबुवा पडले, ते घरीही आले आणि राहून गेले. इशारेबुवांनी जगाला इतक्या वेळा झाकण उघडू नका म्हणून बजावले होते की त्यांनी स्वतः आजवर कशाचेच झाकण उघडले नव्हते. घरातला पंखा कुरकुरला तर ते खुर्ची दुसरीकडे सरकवत.

"कुठून येणार न संपणारं पाणी?" बायकोने स्वयंपाकघरात गाठून विचारले. "दुसरा गीझर लावायला इलेक्ट्रिशियन नाही म्हणालाय. वायर जुनी आहे, सगळा मजला अंधारात जाईल म्हणाला. आणि मोठी टाकी त्या माळ्यावर मावत नाही."

"अगं, टाकी हाच तर दोष आहे. टाकी आली की ती संपणं आलं. पाणी वाहता वाहता तापलं पाहिजे."

"कशावर?"

इशारेबुवांनी गॅसच्या शेगडीकडे बघितले. ती बिचारी दुधाच्या पातेल्याखाली निमूट जळत होती.

कल्पना तशी सरळ होती. शेगडीवर तांब्याच्या नळीचे वेटोळे ठेवायचे, एका टोकाने गार पाणी सोडायचे आणि दुसऱ्या टोकाची नळी पॅसेजच्या भिंतीवरून बाथरूमपर्यंत न्यायची. बाथरूमकडचे टोक कायम उघडे, म्हणजे आत वाफ कोंडायची भीती नाही. खिडकी सताड उघडी. दुसऱ्या कुणी हे काम नळी विकत घेण्यापासून सुरू केले असते. इशारेबुवांनी ते आपल्याला येत होते तिथून सुरू केले. त्यांनी माहितीपुस्तिका लिहायला घेतली.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. उपकरण अस्तित्वात नव्हते, पण त्याची ओळख, त्याची काळजी, त्याची स्वच्छता आणि त्याचे एकेचाळीस इशारे तयार झाले. पुस्तिका उत्तम उतरली. बायकोने ती वाचली आणि म्हणाली, "सगळं छान आहे. पण यात कुठेच आंघोळ नाही."

"ती ग्राहकानं करायची असते," इशारेबुवा म्हणाले.

एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी आली ती सरळ काठीसारखी. ती वाकवायला घेतल्यावर पहिल्याच वळणाला चपटी झाली. हे समोरच्या फ्लॅटमधल्या विमावाल्यांनी दारातून बघितले. विमावाले अशा प्रसंगी दारातच असतात.

"वाळू भरा," ते म्हणाले.

"कशात?"

"नळीत हो. गच्च वाळू भरायची, दोन्ही टोकं बंद करायची आणि मग वाकवायची. चपटी झाली तर माझं नाव बदला. बाकी तुमचा घराचा विमा आहे ना?"

विमावाल्यांच्या प्रत्येक सल्ल्याला ही शेपटी असते. तरी सल्ला बरोबर निघाला. खालच्या बांधकामावरून पिशवीभर वाळू आणली, चाळली, नळीचे चपटे टोक कापून टाकले आणि फनेलने वाळू भरली. आता नळी वाकायला तयार होती, पण कशाभोवती वाकवायची? स्वयंपाकघरात गोल आणि मजबूत अशी एकच वस्तू निघाली: बायकोचा बिस्किटांचा स्टीलचा डबा. त्याच्याभोवती नळीचे सात वेढे इतके सुबक बसले की इशारेबुवा लांब जाऊन बघून आले. मग त्यांनी डबा काढायला घेतला. डबा हलेना.

आधी साबण लावून झाला, मग तेल. नात म्हणाली, "पप्पा, डब्यात बिस्किटं आहेत माझी." विमावाल्यांनी डबा तापवा म्हणून सुचवले, त्यांना घरी पाठवण्यात आले. शेवटी आतल्या खोलीतून मास्तर काठी टेकत आले. रविवारचे बोलणे झाल्यापासून ते खोलीतच बसून असायचे. त्यांनी काठी भिंतीला लावली, खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही हातांनी वेटोळे धरले.

"डब्याकडून तुम्ही धरा, जावईबापू. पाय रोवा. असे नाही, खांद्याएवढे अंतर. माझ्या हुकमावर. एक... दोन..."

तीनला डबा सुटला. इशारेबुवा डब्यासकट ओट्यावर आदळले आणि डब्याचे पोट आत गेले. बिस्किटांचा भुगा झाला. मास्तरांच्या हातात मात्र तांब्याचे वेटोळे होते, सात वेढ्यांचे, कुठेही न चपटलेले. ते त्यांनी उजेडात फिरवून बघितले.

"रांग सरळ आहे," ते म्हणाले. एवढे बोलून परत खोलीत गेले.

बायकोने पोट गेलेला डबा फेकला नाही. मागच्या फळीवर सरकवून ठेवला.

पहिली चाचणी बुधवारी झाली. पुस्तिकेतला चौथा इशारा सांगत होता की पहिल्या वापराआधी नळी पूर्ण मोकळी झाल्याची खात्री करावी. इशारेबुवांनी नळी उलटी करून झटकली, फुंकली, ठोकली आणि खात्री केली. मग नात आत गेली, कारण तिला कॉलेजला उशीर होत होता आणि ती उठेपर्यंत गीझर आई-वडिलांनी संपवला होता. पाणी सुरू झाले. ते खरोखर कोमट होते. "पप्पा, गरम येतंय!" अशी आरोळी आली. इशारेबुवांनी शेगडीपाशी डोळे मिटले. त्या सुखात ते किती वेळ राहिले असते सांगता येत नाही, कारण पुढची आरोळी वेगळी होती.

शाम्पू लावलेल्या डोक्यावर पावशेर ओली वाळू पडल्यावर माणूस जसा दिसतो तशी नात बाहेर आली. बोलायला तोंड उघडले तर वाळू आत जाईल अशी तिची स्थिती होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक आवाज आला. बायको पुढे धावली, तिला वाटले बाबांना ठसका लागला. मास्तर पलंगावर बसून हसत होते. ऑपरेशन झाल्यापासून ते हसल्याचे कुणी ऐकले नव्हते. "अगं, समुद्रावर जाऊन आलीस की काय?" त्यांनी नातीला विचारले. नातीने टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला.

इशारेबुवांना या हसण्याचा थोडा राग आला. पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तो गिळला.

वाळू गेल्यावर खरा प्रश्न समोर आला. पाण्याची चावी आणि गॅस दोन्ही स्वयंपाकघरात, आंघोळ करणारा पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, दाराआड. पाणी कधी सोडायचे आणि कधी बंद करायचे हे इकडच्याला कळणार कसे? शिवाय क्रम चुकून चालणार नव्हते. आधी पाणी सोडून मग गॅस पेटवायचा. बंद करताना आधी गॅस, मग पाणी. हे पुस्तिकेत ठळक टाइपात होते. हाका मारून बघितल्या.

"सुरू!"

"काय?"

"सुरू करा!"

"गुरू कोण आलेत?"

नातीने फोन करू म्हटले. ओल्या हाताने फोनला स्पर्श करू नये हे वाक्य इशारेबुवांनी कितीतरी वेळा लिहिले होते, त्यामुळे तो मार्ग तत्त्वतः बंद होता. बायको शेगडीपाशी उभी राहून हे सगळे बघत होती.

"म्हणजे रोज सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत कुणीतरी इथं उभं राहायचं," ती म्हणाली. "मग माझं पातेलं काय वाईट होतं?"

इशारेबुवांनी पुस्तिका उघडून चाळली. एकेचाळीस इशाऱ्यांत याचे उत्तर नव्हते.

मास्तर उठले. त्यांची बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. ती त्यांनी बाहेर ओढली, चेन उघडली, घड्या घातलेले कपडे बाजूला केले आणि अगदी तळातून दोरीला बांधलेली पितळेची शिट्टी काढली.

"एक शिट्टी, सुरू. दोन शिट्ट्या, बंद," ते म्हणाले. "मैदान याच्यापेक्षा मोठं होतं."

शिट्टी वाजली तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये काहीतरी काचेचे फुटले.

दोन दिवस सगळे सुरळीत चालले. आत जाणारा शिट्टी घेऊन आत जायचा. चावीवर मास्तर बसायचे, खुर्ची टाकून, गुडघ्याला उशी लावून. धार पेन्सिलीएवढीच होती, पण ती संपत नव्हती. नातीने वेळ लावला की ते इकडून स्वतःच्या तोंडाने ओरडायचे, "पुरे! पुढचा!" आणि आश्चर्य म्हणजे ती बाहेर यायची. तिच्या आईला हे आजवर जमले नव्हते. मास्तर स्वतः मात्र गरम पाणी घेत नव्हते. "आधी तुमचं नीट होऊ द्या," म्हणायचे. बॅग पुन्हा भरून पलंगाखाली गेली होती आणि रविवारी सकाळी नऊला गाडी सांगून ठेवलेली होती.

शनिवारी संध्याकाळी मास्तर फिजिओथेरपीला गेले होते. इशारेबुवांना वाटले, उद्या निघण्याआधी तरी मास्तरांनी या पाण्याने आंघोळ करावी, त्याआधी आपण स्वतः एकदा तपासून घ्यावे. ते आत गेले, चावीवर बायको बसली. एक शिट्टी झाली, पाणी आले. इशारेबुवांनी डोक्याला साबण लावला. तेवढ्यात विमावाल्यांच्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

बायकोने ऐकल्या त्या दोन. आधी गॅस की आधी पाणी, याच्या घोळात तिने पाणी बंद केले आणि गॅस तसाच राहिला. वेटोळ्यात जे पाणी अडकले त्याची वाफ झाली आणि ती पॅसेजभर धावून बाथरूमच्या उघड्या टोकातून एक लांब, कर्कश किंकाळी फोडून बाहेर पडली. इशारेबुवा कोपऱ्यात दबून राहिले म्हणून बचावले. बायकोला ती किंकाळी एक शिट्टी वाटली. तिने पाणी पुन्हा सोडले. त्याच क्षणी कुकरने तिसरी शिट्टी दिली आणि या तिसरीचा अर्थ काय हे पुस्तिकेत नसल्यामुळे तिने गॅसही बंद केला, पाणीही बंद केले आणि जिन्यात जाऊन उभी राहिली.

दार उघडून इशारेबुवा बाहेर आले तेव्हा टॉवेलवर होते, एका डोळ्यात साबण होता आणि दारात सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्यामागे विमावाले, त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरची दोन माणसे उभी होती. विमावाल्यांच्या हातात फॉर्म होता.

"स्फोट झाला का?" सेक्रेटरींनी विचारले.

"स्फोट नाही. संदेशवहनात बिघाड," इशारेबुवा टॉवेल सावरत म्हणाले.

"तीन दिवस सकाळी सहापासून शिट्ट्या ऐकतोय. मला वाटलं कुणी व्यायामशाळा काढली. हे काय बसवलंय तुम्ही? परवानगी? कागद?"

कागद म्हटल्यावर इशारेबुवांच्या जिवात जीव आला. त्यांनी पुस्तिका आणली. ती हातात देताना त्यांची मान जरा वर झाली, कारण आजवर त्यांची पुस्तिका कुणी मागून घेतली नव्हती. सेक्रेटरींनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्या सगळी वाचली. इशारा सतरापाशी ते थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचू लागले.

"'हे उपकरण निवासी इमारतीत वापरू नये.' हे तुम्ही लिहिलंय?"

"ते... सर्वसाधारण असतं. सगळ्या उपकरणांना असतं."

"'अधिकृत तंत्रज्ञाखेरीज कोणीही बसवू नये.' तुम्ही अधिकृत तंत्रज्ञ आहात?"

मागून कुणीतरी हसले. इशारेबुवांच्या डोळ्यातला साबण आता दोन्ही डोळ्यांत गेला होता. आपल्याच वाक्यांनी असे जाहीर उघडे पाडावे, तेही टॉवेलवर असताना, यासारखी नामुष्की नाही. उद्या सकाळी गॅसचे निरीक्षक येऊन बघतील आणि मग हे सगळे काढायचे, असे सेक्रेटरींनी सांगितले. विमावाल्यांनी फॉर्म दारातल्या चपलांवर ठेवला आणि गेले.

मास्तर परत आल्यावर त्यांना हे कुणी सांगितले नाही. पण त्यांना कळले. "चला, बरं झालं," एवढेच ते म्हणाले, "माझ्यामागे तुमचा व्याप तरी संपला."

रविवारी सकाळी बॅग दारापाशी आली. मास्तर बूट घालून खुर्चीवर बसले, न आंघोळ करता, कारण घरी जाऊनच करतो म्हणाले. नात त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून बुटाची नाडी पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती, जणू ती नीट बांधली जात नाही म्हणून उशीर होतोय. नऊला निरीक्षक आले. बारीक, दमलेला माणूस, रविवार मोडल्याचे दुःख चेहऱ्यावर. त्यांच्यामागे सेक्रेटरी.

निरीक्षकांनी वेटोळे बघितले. जोड हुंगले, त्यांना साबणाचे पाणी लावून बघितले. खिडकी किती उघडते ते बघितले. उघडे टोक बघून मान हलवली.

"चालवून दाखवा."

"आता आंघोळ राहिलेलं कुणी नाही," इशारेबुवा म्हणाले. आणि मग सगळ्यांचे डोळे दारापाशी बसलेल्या मास्तरांकडे वळले.

"माझी गाडी खाली येतेय," मास्तर म्हणाले.

"चाचणीशिवाय मी काही लिहू शकत नाही," निरीक्षक म्हणाले. "मग सरळ काढा म्हणून लिहितो."

आंघोळ करा म्हटले असते तर मास्तर उठले नसते. पण चाचणी म्हणजे काम होते, आणि कामाला कुणीतरी लागत होते. त्यांनी नातीच्या हातातून नाडी सोडवली, बूट काढले, बॅगेतून टॉवेल घेतला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि पॅसेजमधून आत गेले.

"जावईबापू, चावीवर तुम्ही. आधी पाणी, मग गॅस," आतून हुकूम आला.

एक शिट्टी झाली. इशारेबुवांनी पाणी सोडले, गॅस पेटवला. मग बराच वेळ काहीच झाले नाही. खाली गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. सेक्रेटरी घड्याळ बघू लागले. बायकोला धीर धरवेना, ती बाथरूमच्या दाराला कान लावून उभी राहिली आणि तिथेच थांबली. इशारेबुवांनी खुणेने विचारले, काय? तिने तोंडावर हात ठेवला होता. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजाच्या तालावर मास्तर हळूच म्हणत होते, "एक-दोन... एक-दोन... डावा-उजवा..."

दोन शिट्ट्या झाल्या तेव्हा निरीक्षकांचा चहा पिऊन झाला होता. मास्तर बाहेर आले ते लाल होऊन, डोक्यावरून वाफ निघत होती.

"धार बारीक आहे," त्यांनी अहवाल दिला. "पण माघार घेत नाही."

"हे पूर्ण झालंय का?" निरीक्षकांनी इशारेबुवांना विचारले.

इशारेबुवा छाती काढून हो म्हणणार होते. निरीक्षकांनी त्यांना थांबवले. "नीट ऐका. पूर्ण झालं असेल तर निर्मात्याचा शिक्का, प्रमाणपत्र, मंजुरी, सगळं लागेल. ते मिळायचं नाही. चाचणी चालू असेल तर तसं लिहिता येतं. मात्र प्रत्येक वेळी एक जबाबदार माणूस चावीवर हजर पाहिजे. कोण असतं?"

बायकोने नवऱ्याकडे बघितले, नवऱ्याने कारखान्याच्या वेळेकडे, नातीने कॉलेजकडे.

"मी," मास्तर म्हणाले.

"तुम्ही इथंच राहता?"

मास्तरांनी दारातल्या बॅगेकडे बघितले. खाली हॉर्न वाजला.

"सध्या," ते म्हणाले.

नात जिना उतरून गेली आणि गाडी परत पाठवून आली. सेक्रेटरींनी सातच्या आत शिट्टी वाजवायची नाही एवढी अट घातली आणि जाताना, आपल्याकडेही शेवटच्या माणसाला पाणी पुरत नाही, असे काहीतरी पुटपुटले.

त्याला आता काही आठवडे झाले. मास्तर रोज खुर्ची टाकून बसतात, सगळ्यांना पाणी देतात, शेवटी स्वतः आत जातात आणि तेवढ्यापुरते जावयाला चावीवर बसवतात. ते बादल्या वाहणे नाही, चाचणी आहे. विमावाले एकदा टॉवेल घेऊन आले होते, त्यांना कुकर बदला म्हणून सांगण्यात आले.

मध्यंतरी कारखान्यातल्या अभियंत्याने इशारेबुवांना एक खोका आणून दिला. आधी हाच अभियंता वेटोळ्याचे ऐकून पोट धरून हसला होता. खोक्यात, घरी बरेच दिवस ज्याची चर्चा होती तो, पाण्याची चाहूल घेणारा स्विच होता. इशारेबुवा तो नाचवत घरी आले, तेव्हा मास्तर फिजिओथेरपीला गेले होते.

"हा बसवला की झालं! चावी सोडली की गॅस आपोआप पेटेल, बंद केली की विझेल. कुणी बसायला नको, शिट्टी नको. खरं उपकरण!"

"आणि बाबांनी काय करायचं?" बायकोने विचारले.

इशारेबुवा खोका हातात घेऊन उभे राहिले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "इतक्यात पूर्ण नका करू."

प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी 'काम पूर्ण झाल्याची खात्री करावी' असे लिहीत आलेल्या माणसाला हे सोपे नव्हते. पण खोका त्यांनी न फोडता मागच्या फळीवरच्या त्या पोट गेलेल्या डब्यात ठेवला आणि डबा भिंतीकडे सरकवला. "तो स्विच येणार होता, त्याचं काय झालं, जावईबापू?" असे मास्तर अधूनमधून विचारतात. "अजून नाही आला," इशारेबुवा सांगतात. खोटे बोलताना त्यांचे कान लाल होतात.

आज सकाळची गोष्ट. चहा पिताना मास्तर म्हणाले, "चाचणीला वेळ लागणार बरं का. धार अजून भरवशाची नाही." टॉवेल खांद्यावर टाकून ते आत गेले. इशारेबुवा चावीवर बसायला आले तेव्हा त्यांना दिसले की मागच्या फळीवरचा डबा भिंतीपासून थोडा पुढे सरकलेला आहे. त्यांनी तो उघडला. खोका आत होता. कारखान्याची तपकिरी पट्टी कापलेली होती आणि तिच्यावर दुसरी पट्टी नीट, सरळ रेषेत चिकटवलेली होती: पांढरी, गुडघ्याच्या बँडेजला लावतात ती.

त्यांनी बायकोला हाक मारायला तोंड उघडले. तेवढ्यात एक शिट्टी झाली. त्यांनी डबा होता तसा मागे सरकवला, पाणी सोडले आणि गॅस पेटवला.

पाणी गरम आहे. दोन शिट्ट्या अजून झालेल्या नाहीत.